लेडी जेन ग्रे आणि तिचें ग्रीक पुस्तक

इंग्लंडच्या राजघराण्याशीं रक्ताचें नातें असलेली, अवघे नऊ दिवस राणी म्हणविली गेलेली, आणि सोळासतरा वर्षांच्या कोंवळ्या वयांत शिरच्छेद होऊन मेलेली लेडी जेन ग्रे हिचें नांव आमच्या पुष्कळ वाचकांनीं ऐकिलें असेल. तिच्या मरणाची हकीकत ख्रिस्ती घरांतून वारंवार सांगितली जाते. आज आम्ही तिच्या अभ्यासाविषयीं अधिक लिहिणार आहों. ती काय वाचीत असे, कोणत्या भाषेंत वाचीत असे, आणि तें शिकण्यास तिला किती खपावें लागलें, हें ठाऊक असल्यावांचून तिचें मरणहि नीट समजत नाहीं असें आम्हांस वाटतें.

जेनचा जन्म १५३७ च्या सुमारास झाला. तिचा बाप हेन्री ग्रे हा डॉर्सेटचा मार्क्विस होता. पुढें १५५१ सालीं त्यास सफोकचा ड्यूक ही पदवी मिळाली. तिची आई फ्रान्सिस ही आठव्या हेन्री राजाच्या बहिणीची मुलगी. जेन, कॅथरिन व मेरी अशा तीन मुली या जोडप्यास होत्या, मुलगा राहिला नाहीं. लेस्टरशायर परगण्यांत ब्रॅडगेट येथें त्यांचा मोठा वाडा व त्याभोंवतीं हरणांचें रान होतें. सुमारें दहा वर्षांची असतां जेनला राजाची विधवा राणी कॅथरिन पार हिच्या घरीं ठेविलें होतें. ही राणी स्वतः धर्मपर पुस्तकें लिहून छापविणारी बाई होती. ती १५४८ सालीं बाळंतपणानंतर वारली, आणि तिच्या प्रेतयात्रेंत मुख्य शोक करणारी म्हणून ही लहान मुलगी चालली.

आतां त्या काळीं ग्रीक भाषेस एवढें महत्त्व कां आलें होतें तें थोडें सांगितलें पाहिजे. कित्येक शतकें पश्चिम युरोपांतील विद्वान लोक सर्व कांहीं लॅटिन भाषेंत वाचीत. नवा करार मुळांत ग्रीक असतांहि मंडळीच्या हातीं त्याचें लॅटिन भाषांतर होतें, आणि प्लेटो या तत्त्ववेत्त्याचे ग्रंथ तर मूळ भाषेंत फारच थोड्यांनीं पाहिले होते. पुढें ग्रीक पंडित इटलींत येऊन शिकवूं लागले व छापण्याची कलाहि निघाली. १५१३ सालीं व्हेनिस येथें आल्डस या छापखानेवाल्यानें प्लेटोचे ग्रंथ मूळ ग्रीक भाषेंत छापले. १५१६ सालीं बासेल येथें इरॅस्मस यांनीं ग्रीक नवा करार प्रसिद्ध केला. या दोन पुस्तकांमध्यें तीनच वर्षांचें अंतर आहे. ज्या व्याकरणानें एकाचें दार उघडे त्याच व्याकरणानें दुसऱ्याचेंहि उघडे. लूथर यांनीं जर्मन व टिंडेल यांनीं इंग्लिश नवा करार याच ग्रीक मुळावरून केला. म्हणून ग्रीक शिकला कीं मनुष्य पाखंडी होतो असा धाक घालणारेहि त्या काळीं पुष्कळ होते. इरॅस्मस कांहीं वर्षें केंब्रिज येथें ग्रीक शिकवीत. १५४० सालीं राजानें तेथें ग्रीक भाषेचे अध्यापक म्हणून जॉन चीक यांस नेमिलें. चीक यांच्याच मंडळींतले रॉजर आस्कम, ज्यांचें नांव पुढें येणार आहे. जेनचे घरचे शिक्षक जॉन एल्मर हेहि केंब्रिजमध्येंच शिकलेले होते.

ग्रीक शिकणें म्हणजे काय हें आमच्या वाचकांस कळावें म्हणून दोन शब्द लिहितों. अक्षरें चोवीसच, तीं आठवड्यांत येतात. खरी चढण पुढें आहे. आमच्या मराठीप्रमाणें नामास विभक्त्या आहेत, त्या पांच. पण वचनें तीन, कारण संस्कृताप्रमाणें जुन्या ग्रीकमध्यें द्विवचन आहे. क्रियापदाचे दोन प्रयोग आपण जाणतों, त्यांशिवाय तिसरा एक आहे. कर्ता स्वतःसाठीं काम करितो तेव्हां तो लावितात, संस्कृतांतील आत्मनेपदासारखा. शिवाय बारीक बारीक अव्ययें फार. आपण बोलतांना "च", "तर", "बरें" घालतों, तीं काढून टाकिलीं तर अर्थ राहतो पण बोलणाऱ्याचा आवाज जातो. ग्रीक भाषेचें तसेंच आहे, आणि प्लेटोचे ग्रंथ बहुतेक संवादरूप असल्यामुळें अशा शब्दांनीं ते भरलेले आहेत. विद्यार्थ्यास यांत एक सोयहि आहे. एकजण लांबलचक प्रश्न करितो, दुसरा होय म्हणतो, नाहीं म्हणतो, किंवा पुन्हां सांगा म्हणतो. तेवढ्यांत वाचणारास दम घेतां येतो. हें सर्व जेनला आपल्या मातृभाषेंतून शिकावयास मिळालें नाहीं. ग्रीक शब्दांचा इंग्लिश कोश तेव्हां नव्हता; व्याकरण व कोश लॅटिन भाषेंत असत. म्हणजे एक परकी भाषा पक्की करावी, आणि तिच्या खांद्यावर उभें राहून दुसरी शिकावी.

१५५० च्या उन्हाळ्यांत रॉजर आस्कम हे जर्मनीकडे वकिलातीच्या कामावर निघाले असतां निरोप घेण्यासाठीं ब्रॅडगेटला आले. त्यापूर्वीं ते राजकन्या एलिझाबेथ हिचे शिक्षक होते. घरांत सामसूम होती. आईबाप व सर्व पाहुणे मंडळी रानांत शिकारीस गेली होती. जेन मात्र आपल्या खोलींत एकटी बसून प्लेटोचा फीडो नांवाचा संवाद मूळ ग्रीक भाषेंत वाचीत होती, आणि तोहि एखादी गमतीची गोष्ट वाचावी तशा आनंदानें. तेव्हां तिचें वय सुमारें तेरा वर्षांचें. आस्कम यांनीं विचारिलें कीं शिकारीची मौज सोडून येथें कां बसलीस. तिनें हंसून उत्तर दिलें तें असें, कीं प्लेटोमध्यें मला जें सुख मिळतें त्यापुढें त्यांची शिकार म्हणजे नुसती सांवली. खरें सुख कशांत आहे हें त्या बिचाऱ्यांस कळलेंच नाहीं. ही गोडी तुला कशी लागली असें पुसतां तिनें आपलें अंतःकरण उघडें केलें. आईबापांसमोर बोलावें कीं गप्प बसावें, उभें राहावें कीं बसावें, शिवावें, खेळावें, नाचावें, सर्व कांहीं तंतोतंत झालें पाहिजे. जरा चुकलें कीं टोमणे, धमक्या, चिमटे व मार. मग एल्मर गुरुजींकडे जाण्याची वेळ येते. ते इतक्या सौम्यपणें व गोडीनें शिकवितात कीं वेळ कसा गेला तें समजत नाहीं, आणि तेथून उठावें लागलें कीं तिला रडें येतें.

या हकीकतीविषयीं एक गोष्ट सांगणें आम्हांस न्यायाचें वाटतें. जेन प्लेटो वाचीत होती हें आस्कम यांनीं त्याच वर्षीं जर्मनींतील आपल्या विद्वान मित्रास पत्रीं लिहिलें, म्हणून त्याविषयीं शंका नाहीं. पण आईबापांच्या मारझोडीचा भाग त्यांच्या शिक्षणविषयक ग्रंथांत आहे. तो ग्रंथ भेटीनंतर पुष्कळ वर्षांनीं लिहिलेला, आणि मारून शिकवूं नये हें सिद्ध करण्यासाठींच लिहिलेला. तेव्हां रंग थोडा गडद झाला असेल. तथापि सौम्य शिक्षकाची जी गोष्ट तींत आहे ती खोटी असण्याचें कांहीं कारण दिसत नाहीं. छडीवांचून विद्या नाहीं असें आमच्या गांवांतूनहि पूर्वीं समजत असत, आणि कांहीं शाळामास्तर अजूनहि समजतात.

आस्कम यांची शिकविण्याची रीत त्याच ग्रंथांत दिली आहे. ती उपदेशकांच्या उपयोगाची असल्यामुळें येथें देतों. विद्यार्थ्यानें दोन वह्या कराव्या. मूळ भाषेंतील उतारा समजून घेऊन पहिल्या वहींत त्याचें आपल्या भाषेंत भाषांतर करावें. मग पुस्तक मिटून, थोडा वेळ जाऊं देऊन, आपल्याच भाषांतरावरून तो उतारा पुन्हां मूळ भाषेंत दुसऱ्या वहींत लिहावा. शेवटीं मूळ पुस्तक उघडून ताडून पाहावें. कोठें चुकलों तें लेखकच दाखवितो. गुरूनें रागावण्याचें काम उरत नाहीं.

आतां फीडो या पुस्तकांत आहे तरी काय? ज्या नगरास आपल्या शास्त्रांत अथेनै म्हटलें आहे तेथें सॉक्रेटीस नांवाचा ज्ञानी पुरुष होता. तो तरुणांस बिघडवितो व नगराचे देव मानीत नाहीं असा आरोप ठेवून ख्रिस्तापूर्वीं ३९९ या वर्षीं त्यास मरणाची शिक्षा झाली. परंतु त्या वेळीं अथेनैकरांचें एक पवित्र जहाज डेलॉस बेटास गेलें होतें, आणि तें परत येईपर्यंत नगरांत कोणास ठार करूं नये असा नियम असे. म्हणून तो बरेच दिवस तुरुंगांत राहिला. जहाज परत आल्यावर अखेरच्या दिवशीं मित्र जमले, व सकाळपासून सूर्यास्तापर्यंत आत्मा अमर आहे किंवा नाहीं यावर त्यांचें बोलणें झालें. तेथें असलेला फीडो नांवाचा तरुण तें सर्व पुढें दुसऱ्यास सांगतो, अशी रचना आहे. प्लेटो स्वतः त्या दिवशीं आजारी होता असेंहि त्यांतच लिहिलें आहे.

या संवादांत दोघा मित्रांनीं काढलेल्या शंका कोणत्याहि खेड्यांतील मनुष्यास समजतील अशा आहेत. एकजण म्हणतो कीं आत्मा हा वीणेच्या सुरासारखा असेल. लांकूड व तारा मोडल्या कीं सूर गेला. दुसरा म्हणतो कीं विणकर आपल्या आयुष्यांत पुष्कळ वस्त्रें विणून झिजवितो, पण शेवटचें वस्त्र मात्र त्याच्या मागें उरतें. तसा आत्मा कित्येक शरीरें झिजवील, पण एके दिवशीं स्वतःच झिजून जाणार नाहीं कशावरून? हें ऐकून सर्वांचीं तोंडें उतरतात. तेव्हां सॉक्रेटीस शेजारीं बसलेल्या फीडोच्या लांब केसांवरून हात फिरवितो आणि म्हणतो कीं उद्यां तूं हे केस काढशील. सुतकांत केस काढण्याची चाल आमच्या देशाप्रमाणें तेथेंहि होती. मग तो मित्रांस सावध करितो. माणसांनीं वारंवार फसविलें कीं मनुष्य सगळ्या माणसांचाच द्वेष करूं लागतो. तसेंच एकदोन युक्तिवाद फसले म्हणून विचार करण्याचाच द्वेष करूं नका. ज्या मनुष्यास संध्याकाळीं विष प्यावयाचें आहे तो दुपारीं हें सांगत आहे. तेरा वर्षांच्या मुलीस यांत शिकारीपेक्षां अधिक गोडी वाटली याचें आम्हांस नवल वाटत नाहीं.

येथें मूळ भाषेचा लाभ पाहा. सॉक्रेटीस ज्याचा द्वेष करूं नका म्हणतो तो ग्रीक शब्द "लोगॉस". योहानाच्या शुभवर्तमानाच्या आरंभीं आपण ज्यास "शब्द" म्हणतों तोच हा. आत्म्यास प्लेटो "प्सुखी" म्हणतो. नव्या करारांत तोच शब्द येतो, आणि आमच्या मराठी शास्त्रांत संदर्भाप्रमाणें त्याचें जीव अथवा प्राण असें भाषांतर होतें. भाषांतर वाचणारास हीं दोन पुस्तकें दोन निरनिराळ्या जगांतलीं वाटतात. जेनला एका पुस्तकांतून दुसऱ्यांत जातांना ओळखीचे शब्द भेटत. आणि तेच शब्द असतां अर्थ कोठें बदलला हेंहि तिला दिसे. कारण अर्थ बदलला आहे खरा. सॉक्रेटीसास शरीर म्हणजे बंधन. तें सुटलें कीं आत्मा मोकळा. त्याच अथेनै नगरांत पौलानें मेलेल्यांच्या पुनरुत्थानाची गोष्ट काढितांच कित्येकांनीं थट्टा केली, ती कां केली हें फीडो वाचणारास चांगलें उमगतें. ग्रीक तत्त्ववेत्त्याची आशा शरीरांतून सुटण्याची होती, पौलाची आशा शरीरासह उठण्याची होती.

आमच्या महाराष्ट्रांतहि मूळ भाषेसाठीं खपलेली एक बाई होऊन गेली. पंडिता रमाबाई यांनीं केडगांव येथें हिब्रू व ग्रीक या भाषांचा अभ्यास करून सबंध शास्त्राचें सोप्या मराठींत भाषांतर केलें, आणि तें काम संपवूनच त्या १९२२ सालीं प्रभूकडे गेल्या. छपाईसाठीं खिळे जुळविण्याचें काम मुक्तिसदनांतील मुलींनीं केलें.

जेनकडे परत वळूं. १५५१ पासून ती झूरिक येथील पाळक हाइनरिख बुलिंगर यांस लॅटिन भाषेंत पत्रें लिहूं लागली. तीं पत्रें झूरिक येथें जपून ठेविलीं आहेत. हिब्रू भाषा कोणत्या क्रमानें शिकावी हें ती त्यांस पुसते. त्यांच्या ख्रिस्ती विवाहावरील ग्रंथाचा बराच भाग तिनें लॅटिनमधून ग्रीकमध्यें केला व तो वर्षारंभाची भेट म्हणून बापास दिला.

पण अशा मुलीस कोणी तिच्या पुस्तकांजवळ बसूं देणार नव्हतें. सहावा एडवर्ड राजा पंधराव्या वर्षीं क्षयासारख्या दुखण्यानें खंगला. त्याची वडील बहीण मेरी ही रोमन मतास घट्ट धरून होती. तिच्या हातीं राज्य जाऊं नये म्हणून राजानें जेनला वारस ठरविलें. या मसलतींत राज्याचा मुख्य कारभारी नॉर्थंबरलंडचा ड्यूक होता, आणि त्याचाच मुलगा गिल्डफोर्ड डडली याच्याशीं मे १५५३ मध्यें जेनचें लग्न लाविलें होतें. ६ जुलै रोजीं राजा वारला. मुकुट तुझा आहे असें सांगतांच जेन रडूं लागली. हक्क मेरीचा आहे असें ती म्हणाली. तरी शेवटीं तिनें होकार दिला. १० जुलै रोजीं तिच्या नांवाची द्वाही फिरली. नवऱ्यास राजा करण्याचें मात्र तिनें साफ नाकारलें. १९ जुलै रोजीं लंडन शहर मेरीच्या बाजूस गेलें, आणि ज्या टॉवर किल्ल्यांत ती राणी म्हणून गेली होती त्यांतच ती कैदी झाली. नॉर्थंबरलंडच्या ड्यूकनें जीव वांचेल या आशेनें आपलें प्रॉटेस्टंट मत सोडून मिस्सा स्वीकारली. तरी ऑगस्टमध्यें त्याचें डोकें उडविलेंच.

नोव्हेंबरांत जेनचा न्याय होऊन तिला मरणाची शिक्षा ठरली. राणी मेरीच्या मनांत ती अमलांत आणावयाची नव्हती. परंतु १५५४ च्या आरंभीं सर टॉमस वायट यानें बंड केलें व जेनचा बाप त्यांत सामील झाला. तेव्हां मुलीचें मरण निश्चित झालें. दिवस नेमल्यावर मेरीनें जॉन फेकनम नांवाच्या विद्वान धर्मगुरूस तिचें मन वळविण्यासाठीं पाठविलें, आणि त्यांच्या विनंतीवरून तीन दिवसांची मुदत मिळाली. विश्वास व कर्में, संस्कार दोन कीं सात, प्रभुभोजनांतील भाकर भाकरच राहते किंवा नाहीं, यांवर दोघांचा वाद झाला. सोळासतरा वर्षांची कैदी मुलगी आणि राणीचा विश्वासू पंडित; तरी ती डगमगली नाहीं. मत सोडतें तर कदाचित् जीव वांचता असें पुष्कळांस वाटत होतें. फेकनम मनाचे कोमल होते. त्यांनीं तिला टाकिलें नाहीं, वधस्तंभापर्यंत बरोबर गेले. पुढें एलिझाबेथ राणीच्या काळीं आपल्या रोमन मतासाठीं हेच गृहस्थ कित्येक वर्षें कैदेंत राहून १५८४ सालीं कैदेंतच मेले, हेंहि आमच्या वाचकांनीं लक्षांत ठेवावें.

तिच्या बापाकडे पूर्वीं चॅप्लेन असलेल्या एका गृहस्थानें मेरीच्या राज्यांत आपलें मत बदललें, त्यास जेननें तुरुंगांतून पत्र लिहिलें. तें फार कठोर आहे. तरुणपणाच्या विश्वासास भ्यालेल्या मनुष्याची दया करणें जड जातें असें तें वाचून आम्हांस वाटलें.

शेवटच्या रात्रीं तिनें आपली बहीण कॅथरिन हिला पत्र लिहिलें, आणि तें आपल्याच ग्रीक नव्या कराराच्या शेवटच्या कोऱ्या पानांवर लिहिलें. या पुस्तकास बाहेरून सोन्याचा साज नसला तरी आंत रत्नांपेक्षां मोलाचें धन आहे, हें वाचून मरावयास शीक, आणि मी एक नाशवंत जीवन टाकून अविनाशी जीवन घेत आहें म्हणून आनंद कर, अशा आशयाचें तें पत्र आहे. सॉक्रेटीसहि मित्रांस म्हणाला होता कीं तत्त्वज्ञानाचा अभ्यास म्हणजे मरण्याचाच अभ्यास. आणि अमरत्वाची बाजू मांडून झाल्यावर, अशी आशा धरणें हें पत्करण्याजोगें धाडस आहे, असें त्यानें प्रामाणिकपणें कबूल केलें. जेनच्या पत्रांत मात्र धाडसाची भाषा नाहीं. तिला जें वचन मिळालें होतें त्यावर ती उभी आहे.

१२ फेब्रुवारी १५५४ रोजीं सकाळीं गिल्डफोर्डला किल्ल्याबाहेर टेकडीवर मारलें, आणि त्याचें प्रेत गाडींतून परत आणतांना तिनें पाहिलें. मग तिला किल्ल्याच्या आंतील अंगणांत नेलें. मुकुट घेण्यांत राणीच्या कायद्याविरुद्ध अपराध झाला हें तिनें कबूल केलें, पण त्याची इच्छा कधीं धरिली नाहीं असेंहि सांगितलें. मी जिवंत आहें तोंवरच माझ्यासाठीं प्रार्थना करा अशी लोकांस विनंति करून तिनें एकावन्नावें स्तोत्र इंग्लिशमध्यें म्हटलें. डोळे बांधल्यावर तिला ठोकळा सांपडेना. ती हातांनीं चांचपूं लागली, तेव्हां कोणीतरी तिला हात धरून नेलें. अकरा दिवसांनीं तिच्या बापाचाहि शिरच्छेद झाला.

सॉक्रेटीसाचा तुरुंगरक्षक त्यास विषाची वेळ झाली असें सांगतांना रडला, असें फीडोमध्यें लिहिलें आहे. टॉवर किल्ल्याचे अधिकारी सर जॉन ब्रिजेस यांनीं जेनजवळ आठवण म्हणून तिच्या हातचे चार शब्द मागितले. तिनें ते आपल्या लहानशा प्रार्थनापुस्तकाच्या समासांत लिहिले. तें पुस्तक आज लंडन येथील ब्रिटिश लायब्ररींत आहे.